नबी : भविष्यवेत्ता की निरोप्या?

हिब्रू बायबलमधली, इ.स.पूर्व ७६०च्या सुमाराची गोष्ट. दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा आमोस हा मेंढपाळ हद्द ओलांडून उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात गेला आणि बेथेलच्या मंदिरात उभा राहून राजघराण्याचा नाश सांगू लागला. तिथला मुख्य याजक अमस्या त्याच्यावर धावून आला. द्रष्ट्या, यहूदात पळ, तिथे भाकर खा, तिथे काय ते सांग, इथे नको, हे राजाचं मंदिर आहे, असं त्याने बजावलं. आमोसच्या उत्तरातले पहिले शब्द असे : ‘लो नावी आनोखी, वलो वेन नावी आनोखी.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘नबी ना मी, नबीपुत्र ना मी’. मी गुरं राखणारा आणि उंबरं पिकवणारा आहे, असं तो पुढे सांगतो.

ज्याच्या नावाचं पुस्तक बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या, म्हणजे नबींच्या, ग्रंथांत आहे, तोच म्हणतो आहे की ‘नबी ना मी’. या एका ओळीवर अभ्यासकांनी पिढ्यान्पिढ्या वाद घातला आहे, आणि हिब्रू नबी म्हणजे नेमकं कोण हे समजायला दुसरी इतकी चांगली वाट नाही.

अडचण व्याकरणाची आहे. मूळ वाक्यात क्रियापदच नाही, त्यामुळे काळ कळत नाही. ‘मी नबी नव्हतो’ असं वाचलं तर अर्थ होतो की आधी नव्हतो, मग देवाने मेंढरांमागून उचललं आणि आता झालो. लगेच पुढच्या वाक्यात देव त्याला ‘जा, माझ्या लोकांना संदेश सांग’ म्हणतो आणि तिथलं क्रियापद ‘नावी’च्याच धातूपासून आलेलं आहे, हा या बाजूचा भक्कम आधार. ‘मी नबी नाही’ असं वाचलं तर आमोस तो शब्दच नाकारतो आहे. ‘नबीपुत्र’ म्हणजेही नबीच्या पोटी जन्मलेला नव्हे. ‘बेन’ हा शब्द तिथे जमात किंवा मंडळी या अर्थाने येतो. आपल्याकडच्या ‘बेने इस्राएल’ या यहुदी समाजाच्या नावातला ‘बेने’ हे त्याचंच अनेकवचनी रूप. एलीया आणि अलीशा या आधीच्या नबींच्या काळात असे ‘नबीपुत्र’ गटाने राहत, एकत्र जेवत, गुरूच्या हाताखाली असत.

मला दुसरं वाचन पटतं, आणि त्याचं कारण व्याकरणापेक्षा भाकरीत आहे. अमस्याचा टोमणा पोटापाण्यावरचा आहे : हा तुझा धंदा आहे, तो तुझ्या मुलखात जाऊन कर. आमोसचं उत्तरही पोटापाण्याचंच आहे : माझं पोट गुरांवर आणि उंबरांवर चालतं, तुमच्या दान-दक्षिणेवर नाही. तो देवाचा निरोप नाकारत नाही, पेशा नाकारतो.

कारण तो पेशा होताच. हरवलेली गाढवं शोधताना शौल (पुढे इस्राएलचा राजा झालेला) शमुवेल या द्रष्ट्याकडे निघतो, तेव्हा त्याला द्यायला चाकराजवळ पाव शेकेल चांदी आहे, याची नोंद आहे. तिथेच ग्रंथकाराने एक टीप घातली आहे : आज ज्याला नबी म्हणतात त्याला पूर्वी ‘रोए’, म्हणजे पाहणारा, म्हणत. अमस्याने आमोसला मारलेली हाक आणखी वेगळी, ‘होझे’. अर्थ तोही पाहणाराच. म्हणजे तीन शब्द, तीन थर, आणि उत्तरकाळात सगळ्यांवर ‘नबी’ची एकच चादर. त्या शब्दाचं मूळ बहुधा प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेतल्या ‘हाक मारणे’ अर्थाच्या धातूत आहे. नबी हाक मारणारा की ज्याला हाक मारली गेली तो, यावर अजून एकमत नाही.

दरबारातले नबी तर पगारी नोकरांसारखेच होते. इस्राएलच्या अहाब राजाने लढाईला निघण्यापूर्वी ४०० जणांना विचारलं आणि सगळ्यांनी ‘जा, जिंकशील’ म्हणून सांगितलं. इम्लाचा मुलगा मीखाया हा एकटा विरुद्ध बोलला आणि कैदेत गेला. अहाब त्या लढाईत मेला.

ही संस्था केवळ इस्राएलची नव्हती, हे गेल्या शंभर वर्षांत स्पष्ट झालं. युफ्रेटिसकाठच्या मारी शहराचं उत्खनन १९३३ साली सुरू झालं. तिथे इ.स.पूर्व अठराव्या शतकातल्या पत्रांमध्ये देवांचे निरोप राजाला कळवलेले सापडले. निरोप खरा की खोटा हे पडताळता यावं म्हणून सांगणाऱ्याचे केस आणि वस्त्राची किनार सोबत पाठवत. अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातल्या, इ.स.पूर्व सातव्या शतकातल्या पाट्यांवर अर्बेलच्या इश्तार देवीचे निरोप आहेत आणि ते सांगणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे. १९६७ मध्ये जॉर्डनमधल्या दैर अल्ला इथे भिंतीच्या गिलाव्यावर बौराचा मुलगा बलाम याचं नाव मिळालं. ज्याची गाढवी बोलते तो बायबलमधला बलाम हाच, आणि तिथे तो ‘देवांचा द्रष्टा’ आहे.

मग वेगळेपण कशात? मारीचे निरोप बहुतेक राजाच्या भल्यासाठी आहेत. फार तर एखाद्या देवाची तक्रार असते की माझ्याकडे दुर्लक्ष झालं. आमोस, होशेय, यशया, मीखा यांचे निरोप राज्याचं मूळच खणून काढतात. ‘परमेश्वर असं म्हणतो’ ही त्यांची सुरुवात दूताच्या भाषेतली आहे. अश्शूरचा सरदार यरुशलेमच्या वेशीपुढे उभा राहून ‘अश्शूरचा महान राजा असं म्हणतो’ म्हणतो, अगदी तशी. म्हणून ‘निरोप्या’ हा साधा मराठी शब्द मला इथे सगळ्यांत जवळचा वाटतो.

उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास पडली आणि आमोसचं बोलणं खरं ठरलं. पण खरं ठरणं ही कसोटी धरावी का, हा पेच पुढे यहूदातल्या यिर्मया या नबीच्या काळात टोकाला गेला. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता : बाबेलपुढे (बॅबिलोनपुढे) मान तुकवा, तरच जगाल. हनन्या नावाच्या दुसऱ्या नबीने सर्वांदेखत ते जू मोडलं आणि दोन वर्षांत बाबेलचं जू असंच मोडेल, असं जाहीर केलं. दोघांच्या तोंडी ‘परमेश्वर असं म्हणतो’. ऐकणाऱ्याने कुणाचं खरं मानायचं? बायबलमधलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक सांगतं की बोललेलं घडलं नाही तर तो निरोप देवाचा नव्हे. पण घडेपर्यंत शहर जळून गेलेलं असतं. आणि योनाच्या कथेत निनवेचा नाश होत नाही, कारण लोक पश्चात्ताप करतात. तिथे भाकीत न घडणं हेच संदेशाचं यश आहे. ‘भविष्य सांगणारा’ या व्याख्येत योना कुठे बसवणार?

यिर्मयाचा जीव एकदा वाचला तो मीखामुळे. ‘सियोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखं नांगरलं जाईल’ हे मीखाचं शंभर वर्षांपूर्वीचं वाक्य वडीलधाऱ्यांनी चौकशीत काढलं आणि तेव्हा राजाने त्याला मारलं नव्हतं, याची आठवण करून दिली. त्याच काळात उरीया नावाच्या नबीला मिसरातून पकडून आणून ठार केलं गेलं, हेही त्याच प्रकरणात आहे. यहूदाच्या यहोयाकीम राजाने यिर्मयाची गुंडाळी शेगडीजवळ बसून, चाकूने कापत कापत जाळली. यिर्मयाने आपला लेखनिक बारूख याच्याकडून ती पुन्हा लिहून घेतली. बोललेला निरोप ग्रंथ होण्याची ही प्रक्रिया इतक्या उघडपणे इतर कुठे दिसत नाही.

यरुशलेम पडल्यावर आणि लोकांना बाबेलला नेलं गेलं त्या निर्वासनानंतर जे बदललं ते थोडक्यात सांगता येतं. राजाच उरला नाही, तसा राजासमोर उभा राहणारा नबीही विरळ झाला. हग्गय आणि जखऱ्या इ.स.पूर्व ५२० मध्ये मंदिर बांधा म्हणून सांगतात. पुढे यहुदी परंपरेने हग्गय, जखऱ्या, मलाखी यांच्याबरोबर नबींचा काळ संपला असं मानलं आणि ४८ नबी व ७ नबिया मोजल्या. यहुदी बायबलच्या ‘नवीईम’ (नबी) या विभागात यहोशवापासून राजेपर्यंतचे इतिहासग्रंथही घेतले. दानीएल मात्र तिथे नाही, तो ‘कतुवीम’ (लेख) या विभागात आहे. ख्रिस्ती क्रमात तो संदेष्ट्यांमध्ये आला, आणि नबी म्हणजे येणाऱ्या काळाचे संकेत देणारा ही समजूत घट्ट होण्यात या मांडणीचाही हात आहे. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेत सापडलेली यशयाची गुंडाळी सात मीटरहून लांब आहे. तिच्यात सगळे ६६ अध्याय आहेत. चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग बाबेलच्या निर्वासनाच्या काळातल्या किंवा नंतरच्या हातांचा आहे, हे बहुतेक अभ्यासक मानतात.

मराठीत आधी ‘भविष्यवादी’ हा शब्द वापरला जाई, नंतर ‘संदेष्टा’ रुळला. हा बदल फार मोलाचा होता. ‘भविष्यवादी’ ऐकलं की पंचांग आणि पत्रिका डोळ्यांपुढे येतात, आणि आमोस गरिबांना एका जोड्याच्या मोलाने विकणाऱ्यांवर का संतापला, हे बाजूला पडतं.

कोकणातल्या बेने इस्राएलांनी मात्र मूळ शब्दच तोंडात ठेवला. त्यांचा एलीया म्हणजे ‘एलियाहू हनाबी’. नवस फेडताना, लग्नकार्यात त्याच्या नावाने मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं मांडून. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. ‘ह’ हे हिब्रूतलं निश्चितपणा दाखवणारं उपपद, हनाबी म्हणजे तो नबी. १९३५ मध्ये यहूदातल्या प्राचीन लाखीश शहराच्या जागी खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, यरुशलेम पडण्याच्या सुमाराची. त्यांतल्या एका पत्रात ‘सावध राहा’ असा निरोप आला आहे. तो कुणाकडून आला तिथे कुणाचं नाव नाही, फक्त हाच शब्द आहे : हनाबी.