युएन्डुमूचे लोक म्हणतात, बंदूक गावात नको

नोव्हेंबर 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या युएन्डुमू गावात एका पोलिसाने वार्लपिरी या मूळनिवासी समाजातल्या 19 वर्षांच्या तरुणाला घरात शिरून 3 गोळ्या घातल्या. 2022 मध्ये ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. पोलिसांनी गावात बंदूक आणू नये, ही मागणी वार्लपिरी वडीलधाऱ्यांनी लावून धरली आहे. ती अतिरेकी वाटत असेल, तर आधी 1928 साल समजून घ्यायला हवं.

या मुलखात गोरे लोक आले ते तारेच्या मागोमाग. 1872 मध्ये ॲडलेड ते डार्विन तारेची लाइन पुरी झाली. पुढे गुरांचे कळप आले आणि पाणवठ्यांवर हक्क सांगू लागले. वाळवंटात पाणी म्हणजे वाळू उकरून केलेला झिरा. त्यात सलग काही वर्षं दुष्काळ पडला. अशाच एका झिऱ्यावर, युरकुरूला, ऑगस्ट 1928 मध्ये फ्रेड ब्रुक्स हा गोरा शिकारी मारला गेला. त्याने एकाची बायको स्वतःकडे ठेवून घेतली होती, असं वार्लपिरी सांगतात.

तपासाला निघाला कॉन्स्टेबल जॉर्ज मरे, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढून आलेला. सरकारी दप्तरात हाच माणूस मूळनिवासींचा 'संरक्षक' होता. मला सगळ्यात जास्त हेच छळतं. जुलूम झाला तर दाद मागायची ती याच्याकडेच, आणि घोड्यावरून बंदूक घेऊन वस्तीत येणारा तोच. ऑक्टोबरपर्यंत त्याच्या टोळ्या मूळनिवासींचे मुक्कामामागून मुक्काम गाठत माणसं मारत राहिल्या. सरकारी आकडा 31 मृतांचा. वार्लपिरी, अन्माट्येर आणि कायटेट्ये कुटुंबं शंभराहून जास्त म्हणतात. जखमींना ठेवून करायचं काय होतं, अशा अर्थाचं उत्तर मरेने डार्विनच्या कोर्टात दिलं. ज्या दोघांवर ब्रुक्सच्या खुनाचा खटला चालला, ते निर्दोष सुटले.

मग 3 जणांचं चौकशी मंडळ बसलं. त्यात कॉवुड होते, म्हणजे मरेचेच वरिष्ठ. मेलेल्यांच्या बाजूने वकील नव्हता. 1929 च्या जानेवारीत निकाल आला: एकूण एक गोळीबार समर्थनीय.

ऑगस्ट 2018 मध्ये पोलीस आयुक्त रीस केरशॉ युरकुरूला गेले आणि जमलेल्या वंशजांसमोर त्यांनी माफी मागितली. त्यानंतर सव्वा वर्षाने युएन्डुमूच्या त्या घरात गोळ्या सुटल्या.