बोस, सत्येंद्रनाथ

(१ जानेवारी १८९४ – ४ फेब्रुवारी १९७४). भारतीय भौतिकीविज्ञ. प्रकाशकण मोजण्याची नवी रीत त्यांनी १९२४ मध्ये मांडली आणि तिच्यातून पुंज सांख्यिकी (अतिसूक्ष्म कणांच्या मोठ्या समूहांचा हिशेब) ही शाखा उभी राहिली. निसर्गातील कणांचे जे दोन मोठे गट मानले जातात, त्यांपैकी ‘बोसॉन’ हा गट त्यांच्या नावाने ओळखला जातो.

बोस यांचा जन्म कोलकात्याचा. वडील सुरेंद्रनाथ रेल्वेत नोकरीला होते. सात भावंडांत सत्येंद्रनाथ थोरले आणि एकुलते एक मुलगे. हिंदू स्कूलनंतर ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. तेथे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे त्यांचे शिक्षक, तर मेघनाद साहा हे वर्गबंधू होते. १९१५ च्या एम.एस्सी. परीक्षेत बोस पहिले आणि साहा दुसरे आले. पुढे आशुतोष मुखर्जी यांनी दोघांनाही कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापनाचे काम दिले. युरोपातले ताजे संशोधन हाती लागणे तेव्हा अवघड होते, आणि त्यातले बरेचसे जर्मनमध्ये असे. दोघांनी ती भाषा आत्मसात केली. सापेक्षतेवरील आइन्स्टाइन व मिंकोव्हस्की यांच्या निबंधांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केले.

१९२१ मध्ये ढाका विद्यापीठ सुरू झाले आणि बोस तेथे प्रपाठक म्हणून रुजू झाले. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम येथे झाले आणि त्याचे मूळ वर्गात शिकवण्यात होते. तापलेल्या पोकळीतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती प्रमाणात बाहेर पडतो, याचे सूत्र माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये दिले होते. सूत्र प्रयोगाशी चोख जुळत होते, पण त्याची सिद्धता अर्धी जुनी आणि अर्धी नवी होती. ऊर्जा पुंजांच्या, म्हणजे ठराविक तुकड्यांच्या, रूपात घ्यायची आणि ती बाळगणाऱ्या कंपनांची संख्या मात्र जुन्या तरंग सिद्धांतावरून काढायची, असा तो प्रकार. जो सिद्धांत आपण सोडून देत आहोत त्याचाच आधार घेऊन नवा सिद्धांत शिकवणे बोस यांना खटकत होते.

त्यांनी तरंगांना पूर्ण रजा दिली. प्रकाश म्हणजे कणांचा वायू असे धरले. प्रत्येक कणाला त्याच्या कंप्रतेनुसार (दर सेकंदाच्या कंपनांनुसार) ठराविक ऊर्जा आणि ठराविक संवेग, म्हणजे गतीचा जोर. स्थानाच्या तीन व संवेगाच्या तीन अशा सहा मितींच्या अवकाशाचे त्यांनी सारखे कप्पे पाडले आणि प्रत्येक कप्प्याचे आकारमान प्लांक स्थिरांकाच्या (प्रकाशकणाची ऊर्जा व कंप्रता यांच्या ठराविक गुणोत्तराच्या) घनाइतके ठेवले. कप्पे मोजून, ध्रुवीकरणासाठी (प्रकाशाच्या कंपनाच्या दोन स्वतंत्र दिशांसाठी) दोनने गुणले की प्लांक यांच्या सूत्रातला तो उसना आणलेला भाग आपोआप मिळतो. पुढची पायरी अधिक खोल होती. कोणता कण कोणत्या कप्प्यात आहे, हे बोस यांनी विचारलेच नाही. किती कप्पे रिकामे, किती कप्प्यांत एक कण, किती कप्प्यांत दोन, एवढाच हिशेब त्यांनी केला.

वरवर किरकोळ वाटणारा हा फरक किती मोठा आहे, ते दोन गोट्या आणि दोन डब्या घेऊन पाहता येते. गोट्यांवर खुणा असतील, तर त्या ठेवण्याचे चार प्रकार होतात. त्यांपैकी दोन प्रकारांत दोन्ही गोट्या एकाच डबीत असतात, म्हणजे तशी शक्यता निम्मी. पण गोट्यांना वेगळी ओळखच नसेल, तर ‘ही इकडे, ती तिकडे’ आणि ‘ती इकडे, ही तिकडे’ हे दोन प्रकार उरत नाहीत, एकच होतो. प्रकार तीन होतात आणि दोन्ही गोट्या एकत्र असण्याची शक्यता दोन तृतीयांशावर जाते. ओळख पुसली की कण एकत्र येण्याकडे झुकतात, आणि तेही त्यांच्यात कसलेही आकर्षण नसताना.

वर्गात गणित चुकले आणि त्या चुकीतून शोध लागला, अशी एक आख्यायिका सांगतात. ती रंजक असली तरी निबंधातली मांडणी इतकी नेटकी आहे की तिच्यावर फार भार देऊ नये. आपण मुळातच काही वेगळे करत आहोत याची आपल्याला तेव्हा जाणीव नव्हती, असे मात्र खुद्द बोस यांनी उत्तरायुष्यात सांगितले. कणांची ओळख नसते हे तत्त्व त्यांनी निबंधात शब्दांत मांडलेलेही नाही. ते त्यांच्या मोजणीत दडलेले आहे.

४ जून १९२४ रोजी बोस यांनी हा इंग्रजी निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. सोबतच्या पत्रात आपण परके असूनही विनंती करताना संकोच वाटत नाही, कारण आम्ही सारे तुमचेच शिष्य आहोत, असे त्यांनी लिहिले होते. आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मन भाषांतर करून तो ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या नियतकालिकात छापवला आणि हे महत्त्वाचे पुढचे पाऊल आहे, अशी टीपही जोडली. छापील निबंध जेमतेम चार पानांचा आहे. बोस यांचा लगोलग आलेला दुसरा निबंधही आइन्स्टाइन यांनी प्रसिद्ध केला, पण त्यावरची टीप प्रतिकूल होती.

हीच मोजणी आइन्स्टाइन यांनी अणूंच्या वायूला लावली. वायू पुरेसा थंड केला, तर अणूंचा मोठा भाग एकाच नीचतम अवस्थेत जमा होईल, असे त्यातून निघाले. या बोस–आइन्स्टाइन संघननावर पुष्कळ काळ शंका घेतली गेली. १९३८ मध्ये फ्रिट्स लंडन यांनी द्रव हीलियमाच्या अतिप्रवाहितेशी (घर्षणाविना वाहण्याच्या गुणाशी) त्याचा संबंध जोडला. वायूत ते प्रत्यक्ष दिसायला मात्र १९९५ उजाडावे लागले. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमाचे अणू निरपेक्ष शून्याच्या (शक्य असलेल्या नीचतम तापमानाच्या) वर केवळ सुमारे १७० अब्जांश अंश राहतील इतके थंड करून ते घडवले. त्यांना आणि वोल्फगांग केटर्ले यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बोस यांना ते कधीच मिळाले नाही.

‘बोसॉन’ हे नाव पॉल डिरॅक यांनी दिले. इलेक्ट्रॉनसारखे कण याच्या उलट वागतात, एका अवस्थेत दुसऱ्याला शिरू देत नाहीत, ते फर्मिऑन. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडल्याचे जाहीर झाले तेव्हा त्या कणाचे भाकीत बोस यांचे असल्याचा समज पसरला. तो चुकीचा आहे. त्यांचे नाव संपूर्ण गटाला आहे, आणि ते एका कणाच्या श्रेयाहून मोठे म्हणावे लागेल.

आइन्स्टाइन यांच्या पत्रामुळे बोस यांना दोन वर्षांची रजा मिळाली. ते पॅरिसला मोरिस द ब्रॉग्ली यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचे तंत्र शिकले आणि १९२५ मध्ये बर्लिनला आइन्स्टाइन यांना भेटले. परतल्यावर डॉक्टरेट नसतानाही ते ढाक्याला प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. १९४५ मध्ये ते कोलकात्याला परतले आणि १९५६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठात होते. त्यानंतर काही काळ ते विश्वभारतीचे कुलगुरू होते. पद्मविभूषण (१९५४), रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९५८), राष्ट्रीय प्राध्यापकपद आणि राज्यसभेवरील नियुक्ती हे सन्मान त्यांना लाभले. १९२४ नंतर त्यांचे लेखन विरळच राहिले. कुतूहल अनेक दिशांना धावत असे आणि छापून येण्याची घाई नसे. एसराज हे तंतुवाद्य मात्र ते नेमाने वाजवत.

उत्तरायुष्यात त्यांनी सर्वाधिक कष्ट घेतले ते बंगालीतून विज्ञान लिहिले जावे यासाठी. रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘विश्वपरिचय’ हे आपले विज्ञानविषयक पुस्तक १९३७ मध्ये त्यांना अर्पण केले होते. १९४८ मध्ये बोस यांनी वंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि तिच्यातर्फे ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक सुरू झाले. लोकांना समजावण्यापुरती बंगाली ठीक, संशोधनाला ती पुरणार नाही, असा आक्षेप येई. त्यावर १९६३ मध्ये या मासिकाचा एक विशेषांक निघाला. त्यात सगळे मूळ संशोधनाचे निबंध होते, आणि सगळे बंगालीत.