रूळ, शेअर आणि मोडीत निघणारी इंजिने

रेल्वे आणि उद्योगधंद्यांवरील गुंतागुंतीच्या आर्थिक बोर्ड गेमची परंपरा सामान्यतः १९७४ पासून मोजली जाते. त्या वर्षी फ्रान्सिस ट्रेशॅम या ब्रिटिश रचनाकाराचा ‘१८२९’ हा खेळ त्याच्याच हार्टलंड ट्रेफॉइल कंपनीने बाजारात आणला. शेअर खरेदी-विक्रीचा खेळ त्यापूर्वीही होता. सिड सॅक्सनचा ‘अॅक्वायर’ १९६० च्या दशकातलाच. ट्रेशॅमने मात्र षटकोनी घरांच्या नकाशावर रूळ टाकणे आणि शेअरबाजार या दोन गोष्टी एकत्र आणल्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीची तिजोरी खेळाडूच्या खिशापासून वेगळी केली. या प्रकारातील पुढची बहुतेक गुंतागुंत या एका फारकतीतून आली आहे.

विषय म्हणून रेल्वेच का, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडते. लोहमार्गासाठी लागणारे भांडवल एखाद्या घराण्याच्या आवाक्याबाहेरचे असल्याने ते शेअर विकूनच उभारावे लागे. १८४० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअरचे वेड शिगेला पोहोचले, आणि ‘रेल्वे सम्राट’ म्हणून गाजलेल्या जॉर्ज हडसनने भांडवलातूनच लाभांश वाटल्याचे उघड झाल्यावर त्याचे साम्राज्य कोसळले. अमेरिकेत १८६८ मध्ये इरी रेल्वेवर ताबा मिळवू पाहणाऱ्या व्हँडरबिल्टला शह देण्यासाठी ड्रू, गूल्ड आणि फिस्क या त्रिकुटाने नवे शेअर छापण्याचा सपाटाच लावला.

‘१८२९’ मध्ये कंपन्या ठरावीक क्रमाने आणि ठरलेल्या किमतीला सुरू होत, त्यामुळे त्याचा कल बांधणीकडे अधिक होता. अॅव्हलॉन हिल या अमेरिकी कंपनीने १९८६ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘१८३०’ मध्ये ट्रेशॅमने अमेरिकेचा ईशान्य भाग घेतला, कंपनीची सुरुवातीची किंमत ठरवण्याचा अधिकार खेळाडूंकडे दिला आणि शेअरबाजारातील डावपेचांना मोकळे रान दिले. सर्वाधिक शेअर असलेला खेळाडू कंपनीचा अध्यक्ष होतो. सर्वांत साधी ट्रेन ८० डॉलरला मिळते, पण पुढच्या टप्प्यावरील, ३०० डॉलरची पहिली ट्रेन कोणीही विकत घेतली की पटावरील त्या सगळ्या साध्या ट्रेन एका क्षणात मोडीत निघतात. मार्ग असलेल्या कंपनीकडे ट्रेन असलीच पाहिजे, असा नियम आहे. तिजोरीत पैसा कमी पडला तर अध्यक्षाला पदरमोड करावी लागते, त्यासाठी शेअर विकावे लागतात, आणि तेही पुरले नाहीत तर त्याचे दिवाळे निघून खेळ तिथेच संपतो. म्हणून मुरलेला खेळाडू आधी लाभांश घेऊन खिसा भरतो आणि आपले शेअर वेळेवर विकून रिकाम्या तिजोरीची, ट्रेन नसलेली कंपनी दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. हा निर्दयपणा ज्यांना मानवत नाही त्यांनी या खेळाच्या वाटेला न गेलेलेच बरे. एक डाव पाच-सहा तास सहज घेतो.

‘१८३०’ नंतर वर्षाच्या आकड्यालाच नाव मानणाऱ्या खेळांची रांग लागली आणि या कुळाला ‘एटीन एक्सएक्स’ म्हटले जाऊ लागले. कॅनडावरील ‘१८५६’, जपानच्या शिकोकू बेटावरील ‘१८८९’, अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेवरील ‘१८४६’ अशा खेळांनी मूळ चौकट ठेवून कर्ज, लिलाव आणि बाजाराचे नियम बदलले. ‘१८३०’ च्या कामात सहभागी असलेला ब्रूस शेली पुढे सिड मायरबरोबर ‘रेलरोड टायकून’ या १९९० मधील संगणकीय खेळावर काम करताना दिसतो.

दुसरी शाखा मार्टिन वॉलेस या ब्रिटिश रचनाकाराची. त्याच्या ‘एज ऑफ स्टीम’ मध्ये (२००२) खेळाडूच कंपनी असतो. त्याने विकायला काढलेल्या प्रत्येक शेअरमागे ५ डॉलर मिळतात आणि त्या बदल्यात दर फेरीला १ डॉलर मोजावा लागतो, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत प्रत्येक जण कर्जबाजारीच वाटतो. २००७ च्या ‘ब्रास’ मध्ये तो इंग्लंडमधील लँकशायरच्या कापड गिरण्या, कोळसा आणि लोखंडाकडे वळला. कालव्यांचे पर्व संपताच पटावरचे सारे कालवे आणि पहिल्या पातळीचे कारखाने उचलले जातात, आणि नव्या लोहमार्गांचे जाळे पहिल्यापासून विणावे लागते. जुने तंत्र कालबाह्य होणे हे ट्रेशॅमचेच सूत्र इथे उद्योगांना लागू झाले आहे. फरक एवढाच की प्रतिस्पर्ध्याने खणलेला कोळसा तुम्ही वापरला तर त्याचाही फायदा होतो, त्यामुळे वैर आणि सहकार्य एकाच खेळीत घडते. त्याचीच पुढची आवृत्ती ‘ब्रास: बर्मिंगहॅम’ २०१८ मध्ये आली आणि २०२३ मध्ये बोर्डगेमगीक या संकेतस्थळाच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली.