फोनच्या बिलातली न वाचलेली ओळ

अमेरिकेतल्या लँडलाइनच्या बिलात कुठेतरी बारीक अक्षरांचा एक मजकूर असतो. तुमच्या परवानगीशिवाय कुणी तुमची कंपनी बदलू शकत नाही. ऐकायला-बोलायला अडचण असेल तर 711 फिरवा. उत्पन्न कमी असेल तर ‘लाइफलाइन’ सवलतीसाठी अर्ज करा. आणि आकारांच्या यादीत ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ म्हणजे सार्वत्रिक सेवा, या नावापुढे एक आकडा. भारतात फोन करण्यासाठी लांब पल्ल्याची योजना घेतलेल्या मराठी घरांनीही तो आकडा वर्षानुवर्षं भरला, कारण या नावाचा निधी आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय कॉलच्या उत्पन्नातूनच उभा राहतो. तो कशाचा, हे विचारायच्या भानगडीत मात्र फारसं कुणी पडलं नाही.

1984 पर्यंत अमेरिकेत फोन म्हणजे बहुतेक ठिकाणी एटी अँड टी. या कंपनीचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांनी 1908 च्या सुमारास ‘एक धोरण, एक यंत्रणा, सार्वत्रिक सेवा’ अशी घोषणा दिली. आज ती गरिबांच्या बाजूची वाटते. व्हेल यांच्या मनात वेगळंच होतं. स्पर्धक कंपन्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, दुकानदाराला दोन-दोन फोन ठेवावे लागत. तेव्हा जाळं एकच असावं आणि ते आमचं असावं, एवढाच तिचा अर्थ. घरोघरी फोन पोचवायचं ध्येय तिला नंतर चिकटलं. 1934 च्या कायद्याने एफसीसी हा दूरसंचार आयोग स्थापन झाला, सर्व जनतेला वाजवी दरात सेवा मिळावी अशी भाषा आली, पण गरिबांसाठी वेगळा दर त्यात नव्हता. तो हिशेब कंपनीच्या पोटातच व्हायचा: ट्रंक कॉल महाग ठेवायचे, धंदेवाल्यांकडून जास्त घ्यायचं आणि घरगुती फोनचं भाडं कमी ठेवायचं.

बदल्यात ग्राहकाने मान तुकवायची. घरातलं यंत्रसुद्धा कंपनीचं, भाड्याचं. त्याला बाहेरची वस्तू लावायला बंदी. ‘हश-अ-फोन’ नावाचं एक साधं टोपण मिळायचं. बोलण्याच्या टोकावर बसवलं की शेजारच्याला बोलणं ऐकू जात नसे. तारेशी त्याचा काडीचा संबंध नाही. तेही कंपनीला खपलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1956 मध्ये टोपणवाला जिंकला.

या बंदीचा सगळ्यात जाचक फटका कर्णबधिरांना बसणार होता. गंमत म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः कर्णबधिरांचे शिक्षक. आईला नीट ऐकू येत नसे, पत्नी मेबल यांची श्रवणशक्ती पाचव्या वर्षी तापात गेलेली. 1876 मध्ये नवऱ्याने पेटंट घेतलेलं यंत्र कानाला लावून त्यांना काय उपयोग? फोन घरोघरी गेला तसतसे कर्णबधिर मागे पडत गेले. डॉक्टरची वेळ, नोकरीची चौकशी, सगळं फोनवर. शेजाऱ्याचं दार ठोठवायचं, नाहीतर ऐकू येणाऱ्या लेकराला मध्ये घालायचं.

वाट काढली रॉबर्ट वाइटब्रेख्ट यांनी. जन्मतः कर्णबधिर, पेशाने भौतिकशास्त्रज्ञ, हौसेने रेडिओवाले. रेडिओवरून टेलिप्रिंटर चालवायची त्यांना सवय होती. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचे दातांचे डॉक्टर जेम्स मार्स्टर्स, तेही कर्णबधिर, त्यांच्या मागे लागले आणि 1964 मध्ये तीच युक्ती फोनवर उतरली, तारेला हात न लावता. एका पेटीवर रबराच्या दोन वाट्या, त्यांत रिसीव्हर पालथा ठेवायचा. टेलिप्रिंटरचं बटण दाबलं की पेटी शीळ घालते. शीळ रिसीव्हरमधून तारेवर जाते. पलीकडची पेटी ती ऐकते आणि तिकडच्या कागदावर तेच अक्षर खटकन उमटतं. कंपनीच्या लेखी काय, तर कुणीतरी फोनवर शीळ घालतंय.

यंत्रंही जुनीच. आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडायची तसलीच धुडं. 1968 मध्ये एटी अँड टी मोडीतले टेलिप्रिंटर कर्णबधिरांच्या संघटनांना द्यायला तयार झाली. त्याच वर्षी ‘कार्टरफोन’ प्रकरणात एफसीसीने ठरवलं, की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहक स्वतःचं यंत्र जोडू शकतो. पुढे आन्सरिंग मशीन आणि मोडेम याच दारातून आत आले.

पण समोरच्याकडे टेलिप्रिंटर नसेल तर? मग मध्ये माणूस हवा. सुरुवातीला हे काम स्वयंसेवक करत. कॅलिफोर्नियाने 1979 च्या कायद्याने कर्णबधिर ग्राहकांना यंत्रं मोफत द्यायचं ठरवलं आणि 1987 पासून राज्यभर चोवीस तास ‘रिले’ सुरू केला, म्हणजे मधल्या माणसाची ही सेवा; बिलातला 711 फिरवला की लागते ती हीच. अपंगांच्या हक्कांसाठी 1990 मध्ये झालेल्या ‘एडीए’ कायद्याने जुलै 1993 पर्यंत तो देशभर पोचवायची सक्ती केली. रिलेवरचं बोलणं ऐकायला मजेशीर असतं. आपलं सांगून झालं की ‘जीए’, म्हणजे आता तुम्ही बोला. फोन ठेवताना ‘एसके’. मधला सहायक ऐकलेलं टाइप करतो, टाइप झालेलं वाचून दाखवतो. भांडण असो की लाडीगोडी, काही गाळायचं नाही आणि संभाषणाची नोंद ठेवायची नाही. आपल्याकडे फोन आणि अपंगत्व म्हटलं की पीसीओ बूथच आठवतो, तिथे अपंगांना प्राधान्य असायचं. तेही मोलाचंच, पण ती विकणाऱ्याची खुर्ची होती. इथे प्रश्न फोन करणाऱ्याचा होता.

1 जानेवारी 1984 ला एटी अँड टीची मक्तेदारी मोडली, स्थानिक सेवा सात कंपन्यांकडे गेली आणि पोटातला हिशेब उघड्यावर आला. लांब पल्ल्याच्या पैशावर घरगुती फोन पोसणं जमेना, म्हणून प्रत्येक घरावर ठरावीक मासिक आकार आला. गरीब माणूस फोनच काढून टाकेल ही धास्ती होती. त्यावर उतारा म्हणून 1985 मध्ये, रेगन यांच्या काळात, लाइफलाइन आली. 1996 च्या कायद्याने सर्व कंपन्यांना युनिव्हर्सल सर्व्हिस निधीत वर्गणी भरायला लावली. कंपन्यांनी ती गिऱ्हाइकाच्या बिलावर टाकली, आणि ही झाली ती ओळ.

स्पर्धेने लबाड्याही आणल्या. न विचारता गिऱ्हाइकाची लांब पल्ल्याची कंपनी बदलायची, याला ‘स्लॅमिंग’ म्हणत. बक्षीस योजनेच्या कागदावर सही केली, की खाली बारीक टायपात कंपनी बदलायची संमती. 1996 च्या कायद्यात याविरुद्ध स्वतंत्र कलम घालावं लागलं. आपला नंबर न सोडता कंपनी सोडायचा हक्कही त्याच कायद्यातला; मोबाइलला तो नोव्हेंबर 2003 मध्ये लागू झाला. आपल्याकडे तो देशभर मिळायला जानेवारी 2011 उजाडला.

2005 च्या कतरिना वादळात घरंच गेली, तिथे लँडलाइनवर सवलत कसली? तेव्हा लाइफलाइनचं दार प्रीपेड मोबाइलला उघडलं, धाकट्या बुश यांच्या काळात. लोकांनी नाव ठेवलं ‘ओबामा फोन’. खर्च 2008 मधल्या सुमारे 80 कोटी डॉलरवरून 2012 मध्ये 2 अब्जांच्या वर गेला. मग एका कुटुंबाला एकच सवलत, महिन्याला 9 डॉलर 25 सेंट, असं बांधून टाकण्यात आलं. 2016 मध्ये ब्रॉडबँडही त्यात बसवलं, पण रक्कम तीच.

दरम्यान लोक व्हॉट्सॲपवर बोलू लागले आणि वर्गणी ज्यावर बसते ते उत्पन्नच आटलं. 2025 मध्ये वर्गणीचा दर 36 टक्क्यांच्या वर होता. हा छुपा कर आहे, अशी तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. माझ्या मते त्या ओळीचा कुरूपपणाच तिच्या कामी आला. कोरोनाकाळानंतर सरकारी तिजोरीतून दिलेली महिना 30 डॉलरची इंटरनेट सवलत 2 कोटींहून अधिक कुटुंबं घेत होती. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नवा पैसा दिला नाही आणि 1 जून 2024 ला ती बंद पडली. बिलातल्या ओळीवर चालणारी लाइफलाइन चालूच राहिली, आणि जून 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचा निधी 6 विरुद्ध 3 मतांनी वैध ठरवला.