कानातले कण, हाडांतलं कॅल्शियम आणि सकाळची ती गोळी

(लातूरला आमच्याकडे चक्कर-तपासणीसाठी येणाऱ्यांसाठी)

आधी मुद्द्याचं. तपासणीच्या दिवशी घरून निघताना चक्कर दाबायची गोळी खाऊन येऊ नका. उदगीर, निलंगा, अहमदपूरहून येणाऱ्यांना एसटीत मळमळेल अशी धास्ती असते, ती आम्हाला कळते. पण गोळी पोटात असली की आम्हाला जे बघायचं तेच दिसत नाही आणि तुमची फेरी फुकट जाते. आठवड्यातून दोन-तीन जणांना तरी असं परत पाठवावं लागतं, म्हणून हे पत्रक.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: 'डॉक्टर म्हणाले हाडं ठिसूळ झालीत. मग कानातलं हाड झिजलं म्हणून चक्कर येते का?'

नाही. आतला कान ज्या हाडात बसलेला असतो ते शरीरातल्या सगळ्यात टणक हाडांपैकी एक. खुब्यासारखं किंवा मणक्यासारखं ते झिजत नाही. भानगड त्याच्या आतल्या कणांची असते. हे कण ज्वारीच्या पिठाहून बारीक, कॅल्शियम कार्बोनेटचे. तुमच्या ओसरीवरची शहाबादी फरशी मुख्यतः ज्याची बनते, तोच पदार्थ. एका छोट्या पिशवीत, चिकट थरावर ते बसलेले असतात आणि खाली कुठं, वर कुठं हे मेंदूला सांगतात. शेजारीच पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. डोकं वळलं की त्या नळ्यांना कळतं.

वय झालं, डोक्याला मार लागला, कधी काहीच कारण नसलं, तरी हे कण सुटतात आणि एखाद्या नळीत घरंगळतात. मग तुम्ही कुशीवर वळलात की कण घसरतात, द्रव ढवळतो आणि मेंदूला वाटतं सगळं घर फिरतंय. दहा-वीस सेकंद, क्वचित मिनिटभर. मग थांबतं. माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की पुन्हा तेच.

औसा तालुक्यातल्या एक मावशी पहाटे चारला कूस बदलताना पलंग गरगरला म्हणून नातवाला काखोटीला मारून अंगणात धावल्या. त्यांना वाटलं ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप परत आला. सून म्हणाली, आई, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हललं नाही. आमच्याकडं आल्यावर उजव्या बाजूला झोपवलं आणि डोळे बघितले, तेव्हा 'भूकंप' सापडला.

मग हाडांचा संबंध कुठं येतो? हाडं ठिसूळ झालेल्यांत, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत आणि ज्यांच्या रक्तात डी जीवनसत्त्व कमी आहे त्यांच्यात, ही चक्कर जास्त आढळते. हाडाला लागतं तेच कॅल्शियम या कणांना लागतं आणि त्याचा तोल सांभाळायला डी लागतं. कोरियातल्या डॉक्टरांनी २०२० साली ९५७ रुग्णांचा अभ्यास छापला. एका गटात ज्यांचं डी रक्ताच्या मिलिलिटरमागं २० नॅनोग्रॅमच्या खाली होतं त्यांना वर्षभर दिवसातून दोनदा ४०० युनिट डी आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट दिलं. चक्कर परत येण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी झालं. बंद झालं नाही, कमी झालं. आणि घसरलेला कण गोळीनं जागेवर जात नाही, हेही लक्षात ठेवा.

लातूरला उन्हाची काय टंचाई आहे का, असं लोक विचारतात. ऊन आहे, पण पदर डोक्यावर, बाह्या मनगटापर्यंत आणि बाहेर पडायचं ते सकाळच्या कोवळ्या उन्हात. कोवळ्या उन्हात डी फारसं तयार होत नाही, ते होतं ऊन चढल्यावर. यावर कोणी विश्वास ठेवत नाही, असो. मात्र मेडिकलवाल्याकडून साठ हजार युनिटची पुडी आणून दर आठवड्याला महिनोन्‌महिने खाऊ नका. आधी तपासणी, मग तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं डोस. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मुतखडे होतात.

आता गोळीकडं. आमची तपासणी म्हणजे तुमचे डोळे बघणं. तुम्हाला पलंगावर बसवून मान एका बाजूला ४५ अंश वळवतो आणि पटकन मागं झोपवतो. कण घसरले की बुबुळं ठरावीक दिशेनं झटके मारतात. दिशा बघून कोणता कान, कोणती नळी हे कळतं. आम्ही कॅमेऱ्याचा चष्मा लावतो आणि पडद्यावर तुमच्या सोबतच्या माणसालाही दाखवतो. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या गोळ्या हे झटके दाबतात. बाजू कळली नाही तर कण जागेवर आणायला कोणत्या बाजूनं डोकं फिरवायचं हे ठरत नाही, आणि अंदाजानं फिरवायला आम्ही तयार नाही.

म्हणून तपासणीच्या आधी ४८ तास चक्करेची गोळी थांबवायची, तीही ज्यांनी दिली त्यांना विचारून. इथं आमचीच एक चूक सांगतो. पहिल्या पत्रकात आम्ही नुसतं 'गोळ्या बंद ठेवा' असं छापलं होतं. एका काकांनी बीपीची गोळी दोन दिवस बंद केली आणि आमच्या खुर्चीत बसले तेव्हा बीपी वर गेलेलं. तेव्हा नीट वाचा: बीपी, साखर, हृदय, फिट यांची एकही गोळी बंद करायची नाही. उलट्या थांबत नसतील तर चक्करेची गोळी घ्या, फोन करा, तारीख पुढं ढकलू. त्याचे पैसे नाहीत.

काही जण म्हणतात, 'पाच मिनिटं डोकं वळवलं आणि फी घेतली.' ही पद्धत अमेरिकेतल्या डॉ. जॉन एपली यांनी काढली, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनाही ती बरीच वर्षं पटली नव्हती. बऱ्याच जणांना एक-दोन बैठकांत फरक पडतो. मोबाइलवर बघून घरी करणाऱ्यांनी मात्र बाजू चुकवली तर कण दुसऱ्याच नळीत जाऊ शकतात, मग आमचं काम दुप्पट होतं. मानेला पट्टा बांधून येणारेही खूप असतात. पट्ट्यानं कण हलत नाहीत, उलट मान वळवता येत नाही. तो काढून या.

ठिसूळ हाडं आणि चक्कर हे दोन्ही असतील तर खरी भीती पडण्याची. पहाटे उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसा, दिवा लावा, न्हाणीघरात रबरी चटई टाका. साठी ओलांडलेल्यांनी आधीचा हाडांच्या घनतेचा रिपोर्ट असला तर सोबत आणा. नसला तर तपासणी कुठं होते ते आम्ही सांगू.

बोलताना जीभ अडखळत असेल, तोंड वाकडं, हातपाय लुळा, एकाचे दोन दिसणं किंवा उभंच राहता येत नसेल तर आमच्याकडं येऊ नका. सरळ मोठ्या दवाखान्यात जा, तेही लगेच.

येताना सोबत एक माणूस, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि हलकं पोट. कण जागेवर बसवल्यावर दिवसभर जरा तरंगल्यासारखं वाटतं, त्यामुळं परतीला गाडी स्वतः चालवू नका. सात दिवसांत चक्कर परत आली तर दुसऱ्या तपासणीची फी आम्ही घेत नाही. चक्करेची गोळी खाऊन आलात तर मात्र ही सवलत नाही.