गिऱ्हाइकाकडे नेमाने जाणारा निरोप: सोलापूरच्या दुकानांच्या संदेशांची पार्श्वभूमी

२०२५ च्या मे महिन्यापासून मोबाइलवर येणाऱ्या एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाला एक अक्षर चिकटलेलं दिसतं. जाहिरात असेल तर पी, सेवेचा संदेश असेल तर एस, व्यवहाराचा असेल तर टी, सरकारी असेल तर जी. बँकेला यात काही अडचण नाही. अडचण आहे ती सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडवाल्याची आणि चादर-टॉवेलच्या दुकानदाराची. तो आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना आठवड्यातून एकदा चार ओळी पाठवतो: नवी चादर पहिल्यांदा वेगळी धुवा, गणवेशाची मापं मे संपायच्या आत द्या, लग्नाच्या आहेराचा माल या आठवड्यात उतरतोय. या चार ओळींना पी लावायचा की एस? प्रश्न नवा दिसतो, पण त्याचं मूळ २०११ च्या एका निर्णयात आहे. तो निर्णय नीट पाहिल्याशिवाय आजचे दर, आजचे नियम आणि व्हॉट्सॲपवर झालेली गर्दी यांचा उलगडा होत नाही.

त्याच्या मागचा काळ थोडक्यात. विक्रीच्या पलीकडचं काही उपयोगाचं, ठरल्या वेळी, गिऱ्हाइकाच्या हातात देत राहायचं, ही रीत जुनी आहे. नांगर विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढलं, ते आजही निघतं. टायर विकणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांना रस्त्यांची मार्गदर्शिका फुकट वाटली. आपल्याकडे १९५२ पासून सिलोन रेडिओवर एका टूथपेस्टच्या नावाने गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, आणि पुढे बुधवारची रात्र म्हटलं की लोकांना त्या टूथपेस्टचं नाव आठवायचं. सोलापूरला तर वार्षिक नेम मुळातच घरचा. दाते पंचांग शंभर वर्षांहून अधिक काळ इथूनच महाराष्ट्रभर जातं. दुकानदारांनी वाटलेली कॅलेंडरंही वर्षभर भिंतीवर टिकायची, कारण त्यांच्या चौकोनांत दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलेली असायची. खाली छापलेलं दुकानाचं नाव त्या निमित्ताने रोज डोळ्यांखालून जायचं.

तरीही गिरण्यांच्या काळात सोलापूरच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या मागे जाण्याची फारशी गरज नव्हती. गिऱ्हाईकच नेमाने यायचं. गिरणीचा पगार झाला की वाणी, कापडवाला, भांडीवाला यांच्याकडची खाती चुकती व्हायची आणि त्याच फेरीत पुढची उधारी सुरू व्हायची. खातेवही हीच ओळख. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा मुलगा पुण्याला लागला, हे दुकानदाराला त्या वहीतून कळायचं. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रमाग आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांतली मजुरी आठवड्याची झाली, काहीजण पुणे-मुंबईला गेले, तेव्हा ही महिन्याची फेरी तुटली. माझ्या मते सोलापुरात नियमित संदेशांची गरज खरी इथे निर्माण झाली. गिऱ्हाईक नेमाने येईनासं झालं, म्हणून नेम दुकानदाराला पाळावा लागला. मोबाइल नंतर आला.

मोबाइल आल्यावर पहिली काही वर्षं घाऊक एसएमएसची होती. काही पैशांत एक संदेश जायचा. पण मराठी दुकानदाराला एक अडचण सुरुवातीपासून नडली, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळे त्या ७० मध्येच मोजले जातात. त्याहून लांब मजकूर असेल तर त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात. म्हणजे ‘चादर मिठाच्या पाण्यात भिजवून मग धुवा’ हे कारणासकट सांगायचं तर इंग्रजीत एक संदेश आणि मराठीत दोन-तीन. त्यामुळे त्या काळातले सोलापुरी संदेश रोमन लिपीतल्या मराठीत जायचे, नाहीतर मजकूर छाटून फक्त भाव उरायचा. तेलुगू आणि कन्नड घरांतल्या गिऱ्हाइकांना त्यांच्या लिपीत लिहिण्याचा विचारही महाग होता, आणि पूर्व भागातल्या दुकानांची निम्मीअधिक ओळख तर त्याच भाषांत.

आता तो निर्णय. नको असलेल्या फोनना आळा घालण्यासाठी २००७ मध्ये ‘फोन नको’ म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली होती, पण तिचा उपयोग कमी झाला. कर्ज, विमा, प्लॉट यांच्या फोनांनी लोक खरोखर त्रासले होते. दूरसंचार नियामकाने २०१० मध्ये नवे विनियम केले आणि ते २७ सप्टेंबर २०११ पासून पूर्ण लागू झाले. रात्री ९ ते सकाळी ९ जाहिराती बंद, ‘सगळं बंद’ किंवा ‘अमुक प्रकारचंच चालेल’ असे पर्याय, नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरला बंदी. इथपर्यंत कोणाची तक्रार असायचं कारण नव्हतं.

वादाच्या गोष्टी पुढे होत्या. पहिली म्हणजे संदेशांची सरसकट मर्यादा. एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएस, मग ओरड झाल्यावर त्याच वर्षी २००. वैयक्तिक संदेशांनाही ती लागू होती. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मर्यादा रद्द केली, ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. वर्तमानपत्रांत गाजली ती हीच बाब. पण सोलापूरच्या दुकानदाराच्या दृष्टीने तिच्याहून घातक गोष्ट दुसरी होती, आणि ती कोर्टात कधी गाजली नाही.

ती अशी. जाहिरातीच्या संदेशात पाठवणाऱ्याचं नाव दिसणं बंद झालं. नावाच्या जागी मोबाइल कंपनी आणि तिचा सेवा-विभाग यांची दोन अक्षरं, मग सहा अंक, आणि त्या अंकांतला पहिला अंक संदेशाच्या प्रकाराचा. बँकिंग १, घर-जमीन २, शिक्षण ३, आरोग्य ४, ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं ५. चादरीचं दुकान पाचात, मोटारसायकलची शोरूमही पाचात. अक्षरांतलं नाव फक्त व्यवहाराच्या संदेशांना मिळालं, म्हणजे मुख्यतः बँका, विमा, रेल्वे-विमान आरक्षण अशांना. आजोबांपासून ओळखीच्या दुकानाचा निरोप आणि कुठल्यातरी अनोळखी फ्लॅट-योजनेचा निरोप, दोन्ही गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये एकाच वेषात येऊ लागले. कोण पाठवतंय हे कळायला संदेश उघडावा लागे, आणि आकडा पाहून लोक उघडत नसत.

नियामकाची बाजू अशी की जाहिरात ओळखू यावी म्हणून आकडे. ती बाजू समजते. पण गिऱ्हाइकाचा विश्वास नावावर बसलेला असतो. एकाच नावाने, एकाच वारी, उपयोगाचं काही येत राहिलं तरच तो टिकतो. नाव काढून घेतल्यावर नेमाला अर्थ उरत नाही. या नियमाने त्रास देणारा आणि नेमाने सांगणारा एकाच रांगेत बसवले, आणि त्यातला नुकसान सोसणारा दुसरा निघाला. मोठ्या कंपन्यांनी ॲप काढली, पॉइंटांची कार्डं काढली, स्वतःच्या वेबसाइटवर लोकांना बोलावलं. मंगळवार पेठेतल्या दुकानाकडे तो खर्च नव्हता.

२०१८ च्या विनियमांनी हे सुधारायला हवं होतं. काही सुधारलंही: संमतीची नोंद, पाठवणाऱ्याची नोंद, गिऱ्हाइकाला प्रकाराबरोबरच वेळ आणि वार यांनुसारही नकार देण्याची सोय. व्यवहार, सेवा आणि जाहिरात अशी विभागणी झाली. पण या नव्या व्यवस्थेत संदेशाचा मजकूरच आधी साचा म्हणून नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यात बदलत्या शब्दांसाठी ठरावीक रिकाम्या जागा असतात, बाकी मजकूर जसाच्या तसा. दुकानदाराने नोंदवायचा साचा कसा होतो, ते पाहा: ‘नमस्कार, ( ) निमित्त आमच्याकडे ( ) टक्के सूट, ( ) तारखेपर्यंत.’ संक्रांत घाला, दसरा घाला, पाडवा घाला, साचा चालतो. आता त्याला या आठवड्यात पुणेरी आणि सोलापुरी हवेत चादर कशी ठेवावी हे सांगायचं आहे, पुढच्या आठवड्यात टॉवेलचे धागे का निघतात हे सांगायचं आहे. प्रत्येक वेळी नवा साचा, नवी मंजुरी. दर आठवड्याला वेगळं आणि उपयोगाचं लिहिणाऱ्याला ही व्यवस्था अडवते, आणि वर्षभर तीच सूट ओरडणाऱ्याला मोकळी वाट देते. ज्याने लोक वैतागले होते तेच सोपं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्च २०२१ मध्ये साच्यांची तपासणी प्रत्यक्ष सुरू झाली, त्या दिवशी देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि ती तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. चर्चा ओटीपीची झाली. छोट्या दुकानांनी तोवर एसएमएस जवळजवळ सोडलेलाच होता.

ते गेले व्हॉट्सॲपवर. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि नव्या पेठेपासून विडी घरकुलापर्यंत बहुतेक घरांत व्हॉट्सॲप पोहोचलं. जानेवारी २०१८ मध्ये दुकानांसाठी वेगळं ॲप आलं. देवनागरीला दंड नाही, तेलुगूत बोलून पाठवता येतं, चादरीचा फोटो जातो, फुलांची नक्षी जवळून दाखवता येते. पाणिपतच्या मालाला सोलापुरी म्हणून विकलं जातं, ही इथली जुनी तक्रार. सोलापुरी चादर ही महाराष्ट्रात भौगोलिक मानांकन मिळालेल्या पहिल्या वस्तूंपैकी एक असली तरी लांबच्या गिऱ्हाइकाला फरक दाखवायचा कसा, हा प्रश्न होताच. चादर उलटी करून दोन्ही बाजूंची नक्षी दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ ते काम करतो. सवलतीच्या भावापेक्षा अशा व्हिडिओंनी गिऱ्हाईक अधिक बांधलं गेलं, हे या व्यापारातल्या जाणत्यांना पटलेलं आहे.

आणि व्हॉट्सॲपच्या जुन्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीत, एक अट होती, जी मला आजवरच्या सगळ्या नियमांत सर्वांत शहाणी वाटते. एका यादीत २५६ जण, आणि संदेश पोहोचणार फक्त त्यांनाच ज्यांनी दुकानाचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे. कागदी संमती नाही, साचा नाही. नंबर जतन करणं हीच गिऱ्हाइकाची संमती, आणि पुसून टाकणं हा नकार. म्हणून सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर स्टॉल लावणारे चादरवाले बिल देताना ‘आमचा नंबर सेव्ह करा, धुण्याची माहिती पाठवतो’ असं आवर्जून सांगू लागले. २०२० च्या टाळेबंदीत दुकानांची शटर खाली असताना ज्यांचे नंबर असे जतन होते, त्यांना निदान विचारपूस तरी येत राहिली.

ग्रुप की ब्रॉडकास्ट, हा वाद तेव्हा फार चालला. ग्रुपमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर एकमेकांना दिसतात, कोणीतरी सुप्रभातची फुलं टाकतं, कोणी राजकारण आणतं, आणि दुकानाचा निरोप वाहून जातो. २०१८ पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, त्यामुळे पसरवण्याचा मोहही आपोआप कमी झाला. टिकले ते ब्रॉडकास्टवाले.

पुढची वाट मात्र पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेली. यादी मोठी झाली की घाऊक संदेशांसाठी व्हॉट्सॲपची व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते, आणि तिचे दर कंपनी ठरवते. जुलै २०२५ पासून तिथे अख्ख्या संवादामागे एकदा नव्हे, तर प्रत्येक संदेशाचे पैसे लागतात, आणि जाहिरातीचा संदेश उपयोगाच्या संदेशापेक्षा महाग पडतो. उपयोगाचा म्हणजे ऑर्डर, पावती, पोहोच यांविषयीचा. धुण्याची माहिती पुन्हा जाहिरातीत. २०११ मध्ये जी गल्लत नियामकाने केली, तीच आता दरपत्रकातून होते आहे. काहींनी सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप चॅनेलचा मार्ग धरला, काहींनी रोज स्टेटस ठेवणं. दोन्ही फुकट, पण दोन्हींत गिऱ्हाईक स्वतः येऊन पाहील तरच.

२०२५ च्या दुरुस्तीने एसएमएसमध्ये नाव परत आणलं, अक्षर जोडून का होईना, हे चांगलं झालं. चौदा वर्षांनी का, हे विचारायला हवं. तरी चार ओळींचा आठवडी निरोप पीमध्येच जाईल असं दिसतं, आणि साच्याची अडचण जशीच्या तशी आहे.

यात आता वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. स्टॉलवरच्या वहीत लिहून घेतलेले नंबर कागदावर असेपर्यंत या कायद्यात येत नाहीत. मोबाइलमध्ये भरले की येतात. कायद्याआधी संमतीने घेतलेल्या माहितीबद्दलही गिऱ्हाइकाला सूचना द्यावी लागणार आहे, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी त्याला हवी त्या भाषेत वाचायची सोय ठेवावी लागणार आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही त्या यादीत आहेत. जुन्या यादीतल्या लोकांना ‘तुमचा नंबर आमच्याकडे आहे, आठवड्याचा निरोप चालू ठेवायचा का’ असं त्यांच्या भाषेत विचारण्याचं काम सोलापूरच्या दुकानदारांना आता हाती घ्यावं लागेल.