रंगबदल, व्हिडिओ रेंडरमधील

संपादन-सॉफ्टवेअरच्या व्ह्यूअरमध्ये दिसणारे चित्र आणि रेंडर होऊन (संपादनातून अंतिम फाइल तयार होऊन) बाहेर पडलेल्या फाइलचे चित्र यांत रंग, उजेड किंवा गडदपणा यांचा नको असलेला फरक पडणे, याला रंगबदल म्हणतात. संपादकांच्या बोलण्यात ‘रंग उडाले’, ‘फाइल फिकी पडली’, ‘काळे दबले’, ‘गॅमा शिफ्ट झाला’ अशी त्याची नावे आहेत. यांतले शेवटचे नाव सरसकट सगळ्याच प्रकारांना दिले जाते आणि त्यामुळे निदानात गोंधळ होतो. कॉम्प्रेशनचे चौकोनी ठिपके, आकाशातले पट्टे किंवा चित्रीकरणातच चुकलेला व्हाइट बॅलन्स हे दोष या नोंदीच्या बाहेरचे आहेत.

व्हिडिओ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलचे आकडे असतात आणि ते कसे वाचावेत हे सांगणारे चार टॅग असतात : प्रायमरीज (लाल, हिरवा, निळा नेमके कोणते), ट्रान्स्फर (आकड्यावरून उजेड कसा काढायचा; त्यातल्या घाताला गॅमा म्हणतात), मॅट्रिक्स (दीप्ती म्हणजे उजेडाचा आकडा आणि वर्णफरक म्हणजे रंगाचे दोन आकडे, यांवरून लाल-हिरवा-निळा कसे काढायचे) आणि रेंज (काळा व पांढरा कोणत्या आकड्यावर). त्यामुळे रंगबदलाचे मुळात दोनच वर्ग पडतात. एकात रेंडर होताना आकडेच बदलतात. दुसऱ्यात आकडे जसेच्या तसे राहतात, पण संपादन-सॉफ्टवेअर आणि प्लेयर त्यांचा वेगवेगळा अर्थ लावतात. रोजच्या कामात दुसरा वर्ग जास्त आढळतो. तिथे ग्रेड (संपादनात केलेली रंगांची जुळवणी) हलवून भरपाई केली, तर एका प्लेयरवर चित्र जुळते आणि बाकी सगळीकडे बिघडते.

रेंजची गफलत : ८ बिट व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवण्याचा प्रघात १९८२ च्या सीसीआयआर ६०१ या शिफारशीपासून चालत आला आहे. वर्णफरकाच्या दोन वाहिन्या १६ ते २४० मध्ये बसतात. १० बिटमध्ये हेच आकडे ६४ ते ९४० आणि ६४ ते ९६० होतात. या मांडणीला लिमिटेड, व्हिडिओ किंवा लीगल रेंज अशी तिन्ही नावे आहेत. संगणकावरची ग्राफिक्स ० ते २५५ अशी फुल रेंज वापरतात, आणि काही कॅमेरे व मोबाइलही फुल रेंजमध्येच नोंद करतात. फुल रेंजची फाइल लिमिटेड समजून वाचली, की १६ च्या खालचे सगळे काळ्यात बुडते आणि २३५ च्या वरचे सपाट पांढरे होते. काळ्या कोटाच्या घड्या किंवा केसांच्या बटा नाहीशा झाल्या, तर पहिला संशय रेंजवर घ्यावा. याच्या उलट घडले तर काळा करडा होतो आणि पांढरा मळकट. फुलवरून लिमिटेड हे रूपांतर चुकून दोनदा झाले, तर फाइलमधला काळा १६ वरून ३० वर चढतो आणि पांढरा २३५ वरून २१८ वर उतरतो. स्कोपवर (सिग्नलची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) ते अनुक्रमे सुमारे ६ आणि ९२ टक्क्यांवर दिसतात. असे दुहेरी रूपांतर बहुधा प्रॉक्सी (संपादनापुरती हलकी प्रत), मधल्या टप्प्यातली फाइल किंवा दुसऱ्या रेंजसाठी बनवलेली एलयूटी (रंग बदलण्याचे तयार कोष्टक) यांतून शिरते.

दाविंची रिझॉल्व्ह या संपादन-सॉफ्टवेअरमध्ये याची किल्ली दोन ठिकाणी आहे : क्लिपच्या गुणधर्मांत ‘डेटा लेव्हल्स’ आणि डिलिव्हर पानावरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्येही ‘डेटा लेव्हल्स’. दोन्हीकडे ऑटो, व्हिडिओ व फुल असे पर्याय असतात. पहिल्या जागी आत येणारी क्लिप कशी वाचायची हे ठरते, दुसऱ्या जागी बाहेर जाणारी फाइल कशी लिहायची हे. एकीची चूक दुसरीकडे दुरुस्त करू नये. त्या एका क्लिपसाठी बाकीची टाइमलाइन बिघडते. डेस्कटॉप व्यवस्थित आणि फक्त व्हिडिओ विटका, असे दिसले तर फाइलला हात लावण्याआधी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधली व्हिडिओची डायनॅमिक रेंज पाहावी. ती सेटिंग डेस्कटॉपपासून वेगळी असते.

मॅट्रिक्सची गफलत : या दोषाची खूण म्हणजे करडा, काळा व पांढरा तंतोतंत बरोबर असतात आणि फक्त रंग सरकतात. दीप्ती काढताना बीटी.६०१ मध्ये (वरच्या सीसीआयआर ६०१ चे आजचे नाव) लाल, हिरवा, निळा यांचे वाटे ०.२९९, ०.५८७, ०.११४ असतात, हाय डेफिनिशनच्या बीटी.७०९ या शिफारशीत ०.२१२६, ०.७१५२, ०.०७२२. ६०१ ने लिहिलेली फाइल ७०९ ने वाचली, की शुद्ध लालात २५५ पैकी सुमारे २५ इतका हिरवा मिसळून तो नारिंगीकडे झुकतो आणि शुद्ध हिरवा २५५ वरून सुमारे २१५ पर्यंत खाली येतो. उलट वाचनात लाल सुमारे २३३ वर येऊन किंचित काळवंडतो. त्वचेच्या रंगावर हा फरक लहान असतो, पण शेजारी मूळ चित्र ठेवले की लपत नाही.

टॅग नसेल तर बरेच प्लेयर चित्राच्या आकारावरून अंदाज बांधतात. लहान चित्र ६०१, हाय डेफिनिशन ७०९, असा तो ढोबळ नियम. सीमारेषा प्रत्येकाची वेगळी. म्हणून १०८० ओळींचे रेंडर ठीक दिसते आणि त्याचीच ४८० ओळींची प्रत वेगळी. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅमने आरजीबी (लाल-हिरवा-निळा) चित्रमालिकेचा (उदा. पीएनजी) व्हिडिओ करताना हा दोष हमखास येतो, कारण त्याचे रूपांतर पूर्वापार ६०१ गृहीत धरत आले आहे. स्केल फिल्टरला बाहेरचा मॅट्रिक्स ७०९ असल्याचे वेगळे सांगावे लागते. नुसता ७०९ चा टॅग लावला तर आकडे ६०१ चेच राहतात आणि टॅग खोटा ठरतो.

गॅमाचा वाद : मॅकवर क्विकटाइम प्लेयरमध्ये फाइल फिकी दिसणे, ही या विषयातली सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त चर्चिलेली तक्रार. तिचे मूळ नेमके कशात धरायचे याबाबत एकमत नाही. एक मत जुन्या मॅकच्या १.८ गॅमाकडे बोट दाखवते. हा आकडा सुरुवातीच्या मॅकचे पडदे छापील प्रतीशी जुळावेत म्हणून निवडला गेला, असे सहसा मानले जाते. २००९ मध्ये मॅक ओएस एक्स १०.६ बरोबर प्रणालीचा ठरीव गॅमा २.२ झाला. १.८ च्या काळात क्विकटाइम फाइलमध्ये गॅमाची वेगळी नोंद ठेवली जाई, आणि ती काही प्रोग्रॅम पाळत तर काही दुर्लक्षित. त्या काळच्या फाइलींना हे स्पष्टीकरण लागू पडते. परंतु तक्रार २००९ नंतरही तशीच राहिली, त्यामुळे आजच्या फाइलींसाठी ते अपुरे ठरते.

दुसरे मत बीटी.७०९ च्या घडणीत मूळ शोधते, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. १९९० मध्ये प्रथम मंजूर झालेल्या या शिफारशीत उजेडाचे आकड्यात रूपांतर करणारे कॅमेऱ्याचे सूत्र आहे : ०.०१८ पर्यंत ४.५ पट सरळ रेषा, त्यापुढे ०.४५ चा घात. आकड्याचा पुन्हा उजेड करणारे पडद्याचे सूत्र मात्र तिच्यात नव्हते. पडदा म्हणजे सीआरटी (जुन्या टीव्हीची काचेची नळी) हे तेव्हा गृहीतच होते आणि सीआरटीचा गॅमा भौतिकीनेच ठरवलेला होता. सपाट पडदे आल्यावर ही उणीव उघडी पडली, आणि ती भरून काढणारी बीटी.१८८६ ही शिफारस २०११ मध्ये आली. तीत पडद्याचा घात २.४ आहे.

म्हणजे ७०९ चा टॅग असलेली फाइल कशी दाखवायची याची दोन उत्तरे शक्य झाली. ॲपलच्या कलरसिंक या रंगव्यवस्थापन-प्रणालीने कॅमेऱ्याचे सूत्र उलटे फिरवले. त्याची वक्ररेषा सुमारे १.९६ च्या घाताशी जुळते. प्रसारणक्षेत्राने २.४ धरला. व्हिडिओ-तंत्रज्ञ चार्ल्स पॉइंटन यांनी दीर्घकाळ मांडलेला मुद्दा असा, की ही दोन सूत्रे एकमेकांची उलट असण्याची अपेक्षाच नाही. कॅमेऱ्याचा परिणामी घात ०.५ च्या आसपास आणि पडद्याचा २.४, मिळून सुमारे १.२ चा वाढीव कॉन्ट्रास्ट मिळतो, आणि मंद उजेडाच्या खोलीत चित्र मूळ दृश्यासारखे भासण्यासाठी तोच लागतो. चित्रनिर्मितीच्या दृष्टीने ही भूमिका पटण्याजोगी आहे, कारण ग्रेड करणारा माणूस २.४ च्या पडद्याकडे पाहूनच निर्णय घेत असतो. तरीही कलरसिंकला चूक म्हणणे अतिरेकाचे होईल. फाइलवर जे लिहिले आहे त्याचा एक काटेकोर अर्थ त्याने लावला आहे.

फरक किती, ते आकड्यांत पाहता येते. निम्म्या सिग्नलला २.४ च्या पडद्यावर पूर्ण पांढऱ्याच्या १९ टक्के उजेड मिळतो, २.२ वर २२ टक्के, १.९६ वर २६ टक्के. २० टक्के सिग्नलला २.४ वर जवळपास २.१ टक्के आणि १.९६ वर ४.३ टक्के, म्हणजे दुप्पट. छाया उघडल्यासारख्या आणि चित्र धुऊन निघाल्यासारखे दिसते ते यामुळे. काळा व पांढरा मात्र जागचे हलत नाहीत, आणि रेंजच्या दोषापासून हा प्रकार वेगळा ओळखायचा तो याच खुणेवरून.

टॅगमधले अंक प्रायमरीज-ट्रान्स्फर-मॅट्रिक्स या क्रमाने वाचतात. १-१-१ म्हणजे तिन्ही ७०९. १-२-१ म्हणजे ट्रान्स्फर अनिर्दिष्ट. रिझॉल्व्हमध्ये ‘रेक.७०९ गॅमा २.४’ निवडल्यास १-२-१, आणि मॅकसाठी दिलेला ‘रेक.७०९-ए’ निवडल्यास १-१-१ लिहिले जाते. मॅकवर काम करून मॅकवरच पाहायचे असेल, तर रिझॉल्व्हच्या पसंतींत (प्रेफरन्सेस) व्ह्यूअरसाठी मॅक डिस्प्ले प्रोफाइल वापरण्याचा पर्याय चालू करून टाइमलाइन व रेंडर दोन्ही ७०९-ए वर ठेवावीत. व्ह्यूअर आणि क्विकटाइम तेव्हा एकच चित्र दाखवतात. अडोबी प्रीमियर प्रोमध्ये हेच काम डिस्प्ले कलर मॅनेजमेंट करते. अलीकडच्या आवृत्त्यांत व्ह्यूअरचा गॅमा १.९६, २.२ किंवा २.४ असा निवडता येतो. प्रसारणासाठीचे काम मात्र बाह्य आय/ओ कार्डावरून (व्हिडिओ सिग्नल थेट बाहेर काढणाऱ्या साधनावरून) जोडलेल्या, २.४ ला कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवरच तपासावे. संगणकाच्या डेस्कटॉपवरचा व्ह्यूअर त्याची जागा घेत नाही.

एचडीआर (उजेडाचा जास्त पल्ला असलेली) क्लिप : २०२० च्या आयफोन १२ पासून फोनचे चित्रीकरण एचएलजी या एचडीआर वक्ररेषेत होऊ लागले, आणि अशी क्लिप ७०९ च्या टाइमलाइनवर टाकली की आकाश आणि चेहरे जळाल्यासारखे दिसतात. क्लिपचे कलर स्पेस ओळखून टोन मॅपिंग (मोठा पल्ला साध्या पडद्याच्या पल्ल्यात बसवणे) चालू करणे हा उपाय. एक्स्पोजर खाली ओढल्याने हायलाइटची वक्ररेषा सुधारत नाही. उलट चूकही होते : ट्रान्स्फरचा टॅग १६ (पीक्यू, दुसरी एचडीआर वक्ररेषा) किंवा १८ (एचएलजी) आणि आकडे मात्र साध्या ७०९ चे, अशी फाइल एचडीआर पडद्यावर विचित्र उजळ-भडक दिसते.

आकडे खरोखर बदलण्याची कारणे : लॉग क्लिपवर (ग्रेडसाठी मुद्दाम फिक्या वक्ररेषेत नोंदलेल्या) कॅमेऱ्याची एलयूटी आणि सॉफ्टवेअरचे आपोआप होणारे रूपांतर दोन्ही लागणे, प्रिव्ह्यू फाइली वापरून एक्स्पोर्ट करणे, मूळ फुटेजऐवजी प्रॉक्सी रेंडर होणे, दुसऱ्या संगणकावर एलयूटी सापडत नसणे. तांबड्या अक्षरांच्या कडा रेंडरनंतर फिसकटलेल्या दिसतात, ते ४:२:० सँपलिंगमुळे. त्यात रंगाची माहिती चार पिक्सेलांमागे एकदाच ठेवली जाते. ४:४:४ रेंडर करून तेच अक्षर पाहिले की खात्री पटते.

तपासणी : टाइमलाइनवर ७५ टक्क्यांचे कलर बार्स ठेवून, कोणताही ग्रेड न लावता, नेहमीच्या सेटिंगने दहा सेकंद रेंडर करावे आणि ती फाइल पुन्हा त्याच प्रकल्पात आणावी. आरजीबी परेडवर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणाऱ्या स्कोपवर) प्रत्येक रंगीत पट्ट्याची प्रत्येक वाहिनी ० किंवा ७५ टक्के यांपैकी एकाच जागी असायला हवी. शून्य सुमारे ६ वर आणि ७५ सुमारे ७१ वर सरकले असतील, तर दोष रेंजचा. पांढरा पट्टा बरोबर, पण हिरव्या पट्ट्यातला हिरवा ६३ वर आणि लाल पट्ट्यात ७ टक्के हिरवा, असे दिसले तर ६०१ ची फाइल ७०९ ने वाचली जात आहे. परेड निर्दोष आणि तरी प्लेयरमध्ये चित्र वेगळे, तर दोष टॅग, प्लेयर किंवा पडद्याच्या प्रोफाइलचा आहे आणि रेंडर निर्दोष आहे. खऱ्या चित्रावर हीच परीक्षा डिफरन्स ब्लेंडने (दोन चित्रांतली वजाबाकी दाखवणाऱ्या मोडने) करता येते : मूळ क्लिपवर रेंडर ठेवून डिफरन्स लावावा आणि गेन वाढवून पाहावे. कडांवर विखुरलेले पुसट ठिपके कॉम्प्रेशनचे असतात. पण सपाट भागात सलग उजेड उरला तर आकडे बदलले आहेत. एक सावधगिरी लागते. रंगव्यवस्थापन चालू असलेला प्रकल्प परत आणलेल्या फाइलचा टॅग वाचून आपणच रूपांतर करतो, म्हणून ही तपासणी ते बंद करूनही एकदा करावी.

टॅग पाहण्यासाठी मीडियाइन्फो किंवा एफएफप्रोब हे प्रोग्रॅम पुरतात. टॅग दोन जागी असतात, कंटेनरमध्ये म्हणजे फाइलच्या बाहेरच्या वेष्टनात (एमओव्ही व एमपी४ मधली ‘कोलर’ नोंद) आणि बिटस्ट्रीममध्ये म्हणजे आतल्या चित्राच्या प्रवाहात. दोन्ही परस्परविरोधी असल्या तर सगळे प्लेयर एकाच नोंदीला मान देत नाहीत. एकच फाइल दोन प्लेयरमध्ये दोन तऱ्हेची दिसण्याचे हे एक कारण. एच.२६४ मधले बिटस्ट्रीमचे टॅग एफएफएमपेगच्या मेटाडेटा फिल्टरने पुन्हा एन्कोड न करता बदलता येतात, चित्राचा दर्जा घटत नाही. कंटेनरची नोंद वेगळी तपासावी लागते.

ब्राउझर आणि फोन : पी३ सारख्या रुंद गॅमटच्या (जास्त रंग दाखवू शकणाऱ्या) पडद्यावर रंगव्यवस्थापन न करणारा प्लेयर ७०९ चे चित्र भडक करतो, लाल व हिरव्यात ते आधी जाणवते. फोनमधले ‘व्हिव्हिड’ मोड हेच मुद्दाम करतात, त्यामुळे तुलनेआधी ते बंद करावेत. अपलोड केलेली फाइल व्हिडिओ-स्थळे पुन्हा एन्कोड करतात. साध्या चित्रासाठी यूट्यूब बीटी.७०९ ची शिफारस करते, तेव्हा चारही टॅग भरलेली लिमिटेड रेंजची फाइल देणे सुरक्षित.